बहादूर, विशाल आणि जंगलपट्टीतले वाचक

डिसेंबर १९७६. इंद्रजाल कॉमिक्सच्या नव्या अंकात एक तरुण बापाच्या मरणाचा सूड घ्यायला निघतो. बाप भैरवसिंग, डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. सूड घ्यायचा तो विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्यावर. पुढे काय होणार, हे त्या काळच्या सिनेमाच्या कुठल्याही प्रेक्षकाने डोळे मिटून सांगितलं असतं. आबिद सुरतींनी तसं होऊ दिलं नाही. आपला बाप कोण होता आणि त्याने काय केलं होतं हे उमगल्यावर हा मुलगा सूड सोडून देतो, आणि ज्याच्या जिवावर उठला होता त्याच्याच सोबतीने डाकूंच्या विरोधात उभा राहतो. बहादूर हा भारतीय कॉमिक्समधला गाजलेला नायक असा जन्माला आला. त्याचा पोलिसातला साथी विशाल त्याच्याबरोबरच आला, त्याच कथेत.

ज्यांनी हे अंक शाळेच्या दप्तरात लपवून वाचले, ते वाचक आज पन्नाशी-साठीत आहेत. ते अंक पुन्हा उघडतात तेव्हा त्यांची नजर बहादूरवर कमी आणि विशालवर जास्त वेळ थांबते. लहानपणी विशाल म्हणजे शेवटच्या पानावर जीप घेऊन येणारा आणि उरलेसुरले गुंड पकडून नेणारा साहेब. घोडदौड, मारामारी, खिंडीतला पाठलाग हे सगळं बहादूरचं. आता वाचताना प्रश्न पडतो तो वेगळाच. वर्दी न घातलेल्या एका तरुणाला वर्दीतल्या माणसाने लढू का दिलं, त्याच्यावर विश्वास कशाच्या बळावर टाकला, आणि तो विश्वास चुकला असता तर जबाबदार कोण ठरलं असतं?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकाला हा प्रश्न पुस्तकी वाटू शकत नाही. पोलिसाशी मैत्री या दोन जिल्ह्यांत कथेची सोय म्हणून कधीच नव्हती. त्या मैत्रीपायी इथल्या गावांतली माणसं मारली गेली आहेत, आणि ती नाकारण्यापायीही माणसांनी सोसलं आहे. म्हणून एका जुन्या चित्रकथेची ओळख करून देताना ती याच जंगलपट्टीत उभं राहून करून द्यावी, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं.

आधी थोडा इतिहास. टाइम्स ऑफ इंडियाचे मालक असलेल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिला अंक वेताळ या जंगलातल्या बुरखाधारी नायकाच्या पट्ट्याच्या गोष्टीचा, किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे होते. त्यानंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी परदेशी मंडळी आलटून पालटून येऊ लागली. इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघत, पुढे इतर भारतीय भाषांतही निघाले. मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असा वेग वाढत गेला आणि १९९० मध्ये सगळं थांबलं तोवर ८०० हून जास्त अंक निघून गेले होते. सुरुवातीच्या काळात अनंत पै टाइम्समध्ये याच कामाशी जोडलेले होते. परदेशी नायकांच्या या गर्दीत आपल्या मुलांना आपल्या कथा मिळत नाहीत ही त्यांची खंत होती, आणि १९६७ साली त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली. तिथे पुराण आणि इतिहास आला. चालू काळातला, जीन्स घालणारा, आजच्या गुन्हेगाराशी लढणारा भारतीय नायक इंद्रजालने दिला तो बहादूरच्या रूपाने, आणि त्यालाही १९७६ उजाडावं लागलं.

१९६४ हे वर्ष चंद्रपूरच्याही लक्षात राहणारं. तोवर जिल्ह्याचं सरकारी नाव चांदा होतं, ते याच सुमारास चंद्रपूर झालं. जिल्हा अवाढव्य होता. उत्तरेला चिमूर-ब्रह्मपुरीपासून दक्षिणेला गोदावरीकाठच्या सिरोंच्यापर्यंत एकच जिल्हा, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. कॉमिक्स इथे पोचायचं ते रेल्वेने. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं बल्लारशा हे मोठं जंक्शन, आणि फलाटावरचा पुस्तकांचा स्टॉल म्हणजे आसपासच्या पोरांचं ग्रंथालय. कोळसा खाणींच्या वसाहती, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीची आयुध निर्माणी, नंतर औष्णिक वीज केंद्र. देशभरातून आलेल्या कामगारांची आणि साहेबांची मुलं एकाच आळीत वाढत होती. त्यामुळे एकच अंक कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत वाचत असे. ज्याला विकत घेणं परवडत नसे तो भाड्याने नेई आणि दुसऱ्या दिवशी परत करी. त्या कागद कारखान्याला लागणारा बांबू याच जंगलातून जात होता. जंगलातला बांबू कारखान्यात जाई आणि जंगलाच्या गोष्टी छापील होऊन रेल्वेने परत येत.

गडचिरोलीकडे मात्र पुढचा प्रवास खडतर होता. त्या भागाच्या वाट्याला कित्येक दशकं वडसा हे एकमेव रेल्वे स्थानक. तिथून पुढे एसटी, तीही पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की बंद. अहेरी, सिरोंचा, एटापल्लीत बदली होऊन गेलेल्या मास्तरांच्या आणि वनखात्यातल्या नोकरदारांच्या ट्रंकांतून हे अंक गेले. भामरागडच्या माडिया मुलापर्यंत त्या काळी ते जवळजवळ पोचलेच नाहीत. ही गोष्ट आठवणींच्या गोडव्यात विसरून चालणार नाही, कारण इंद्रजालचा सर्वांत लाडका नायक जंगलात राहत होता आणि त्याच्या भोवतीचे लोक आदिवासी होते.

तो नायक अर्थात वेताळ. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकन वर्तमानपत्रांत त्याची मालिका सुरू केली. बुरखा, अंगावर घट्ट बसणारा पोशाख, कवटीची गुहा, कवटीची अंगठी, बापाकडून मुलाकडे चालत आलेलं व्रत. १५३६ पासूनची ही परंपरा आणि चालू वेताळ तिच्यातला एकविसावा. फॉक १९९९ मध्ये गेले. अमेरिकेत या नायकाचं वेड ओसरलं तरी स्वीडनमध्ये १९५० पासून आणि ऑस्ट्रेलियात १९४८ पासून त्याचं प्रकाशन टिकून राहिलं, आणि भारतात तर तो घरचाच होऊन गेला. मूळ मालिकेतला देश कधी भारताजवळचा तर कधी आफ्रिकेतला वाटावा असा धूसर. भारतीय आवृत्तीत देशाचं नाव बदलून डेंकाली झालं आणि सिंग नावाच्या चाच्यांचं सिंगा झालं, म्हणजे इथल्या वाचकाला खटकू नये. मुलांनी भूगोलाची पर्वा केली नाही. वेताळाचं जंगल म्हणजे ताडोब्याच्या पलीकडचं जंगल, असं चंद्रपूरच्या मुलाने ठरवून टाकलं तर त्यात नवल ते काय.

ताडोब्याचीही स्वतःची गोष्ट आहेच. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि देव झाला. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरत असे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलाला नाव मिळालं ते या तारूवरून, असं लोक सांगत आले. चंद्रपूर शहरात तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाकडे बोट दाखवून बाबुराव शेडमाकेंची कथा सांगितली जाते. इंग्रजांविरुद्ध आदिवासींची फौज उभी करणाऱ्या या तरुणाला २१ ऑक्टोबर १८५८ ला इथे फाशी दिलं, आणि त्याआधी आपल्याच माणसांकडून त्याला दगा झाला होता. वेताळ वाचणाऱ्या मुलांच्या पायाखाली एवढं सगळं होतं. तरी पाठ्यपुस्तकात शेडमाके एखाद्या ओळीपुरते आणि तारू तर मुळीच नाही, असं ते बालपण होतं.

आज वेताळ पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत खुपते, आणि ती बोलून दाखवणारे चाहतेच खरे चाहते आहेत. विषारी बाण वापरणारे शूर बांदार लोक आपल्याच जंगलाचा कारभार चारशे वर्षं एका गोऱ्या घराण्यावर सोपवून बसलेले दिसतात. त्यांचा मुखिया गुरन हुशार आहे, निष्ठावान आहे, पण निर्णय कवटीच्या सिंहासनावरूनच येतो. जंगलातल्या माणसाला रक्षक बाहेरून मिळावा लागतो, ही समजूत त्या चित्रांतून मुलांच्या मनात शिरली. ती समजूत खोटी आहे हे गडचिरोलीतल्याच एका गावाने दाखवून दिलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार वापरला. तिथे जंगलाची गस्त गावकरी घालतात आणि निर्णय ग्रामसभेत एकमताने होतो. बांदारांनी तसं केलं असतं तर वेताळाला फारसं काम उरलं नसतं.

त्याच वेताळाच्या जगात ईडन नावाचं एक बेट आहे. तिथे वाघ-सिंह मासे खाऊन हरणांच्या शेजारी राहतात. मुलांना हे बेट खोटं वाटायचं. पण १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि डॉ. प्रकाश आमटे यांच्या अंगणात बिबटे, अस्वलं, हरणं, माकडं वाढू लागली. शिकारीत अनाथ झालेली पिल्लं आदिवासीच त्यांच्याकडे आणून देत. ईडनचं चित्र पाहून मोठा झालेला चंद्रपूरचा वाचक हेमलकसाला गेला की त्याला आपलं बालपण आठवतंच. इथे मात्र कुणी बुरखा घातलेला नव्हता. दवाखाना होता, शाळा होती, आणि डॉ. मंदाकिनी आमटे होत्या.

आता पोलिसांकडे वळू. वेताळाचाही पोलिसांतला साथी आहे आणि तो एकटा माणूस नसून पूर्ण दल आहे, जंगल पेट्रोल. कथेनुसार सहाव्या वेताळाने एका सुधारलेल्या चाच्याला हाताशी धरून ते उभं केलं. कर्नल वीक्स आणि त्यांच्यानंतर कर्नल वोरुबू हे त्याचे प्रत्यक्ष प्रमुख. मात्र त्यांच्याही वर एक अज्ञात सेनापती आहे. कर्नलच्या कचेरीत एक तिजोरी आहे. दिवा लागला की कर्नल ती उघडतो, आत हुकूम लिहिलेली चिठ्ठी असते. जुन्या विहिरीतून भुयार काढून वेताळ ती चिठ्ठी ठेवून जातो, हे वाचकाला माहीत, कर्नलला नाही. लहानपणी ही युक्ती वाचताना अंगावर रोमांच उभे राहत. हातात सत्ता नसलेल्या मुलाला गुपित ठाऊक असण्याचा आनंद काही वेगळाच.

मोठेपणी तीच तिजोरी अस्वस्थ करते. एक शस्त्रधारी दल आहे, जंगलात त्याचा अंमल चालतो, आणि त्याला हुकूम कोण देतं हे त्या दलालाच ठाऊक नाही. चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा? फॉक यांच्या कथांत ही अडचण येत नाही, कारण अज्ञात सेनापती कधी चुकतच नाही. वीक्स जाऊन वोरुबू आले आणि आफ्रिकी माणूस प्रमुखपदी बसला, हा बदल काळाबरोबर आला आणि तो चांगलाच होता. तिजोरी मात्र तशीच राहिली.

बहादूरच्या जगात तिजोरी नाही. हाच त्याचा मोठेपणा आहे, आणि तो पुरेसा ओळखला गेला नाही असं या लेखकाचं ठाम मत आहे. जयगडचा पोलीस प्रमुख विशाल दिवसाढवळ्या बहादूरला भेटतो. बहादूर डाकूंशी लढायला नागरिक सुरक्षा दल उभारतो ते उघडपणे, नावानिशी, पोलिसांना ठाऊक असताना. त्याला बुरखा नाही, गुप्त गुहा नाही, अंगी कसलीही अलौकिक शक्ती नाही. केशरी कुडता आणि निळी जीन्स एवढाच त्याचा गणवेश. सोबत बेला, जी त्याच्या बरोबरीने लढते आणि वाट पाहत घरी बसत नाही. ही सगळी माणसं रेखाटली गोविंद ब्राह्मणिया यांनी. त्यांच्या रेषेत भारतीय ऊन आहे. धूळ उडवत जाणारे रस्ते, मातीच्या भिंती, फेटे, मिशा, गावातल्या बाया हे सगळं पाहून वाचकाला हा देश आपला वाटला. पुढे १९८० च्या दशकात जगजीत उप्पल यांनी कथा लिहिल्या, तेव्हा डाकू मागे पडले आणि शहरी गुन्हेगार आले.

विशाल कोणत्या काळात आला हेही पाहायला हवं. १९७३ च्या 'जंजीर'मधल्या इन्स्पेक्टरला न्यायासाठी वर्दीबाहेर पडावं लागतं. १९७५ च्या 'शोले'तला ठाकूर माजी पोलीस अधिकारी आहे आणि गब्बरला धरायला तो दोन चोरांना पैसे देऊन आणतो. कायद्याने न्याय मिळत नाही, म्हणून कायदा बाजूला ठेवायचा, हा त्या वर्षांचा सूर होता. त्यातच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. पोलीस म्हणजे मध्यरात्री दार ठोठावणारा, असा अनुभव हजारो घरांनी घेतला. बहादूरचा पहिला अंक आणीबाणी चालू असताना बाजारात आला आहे. त्या दिवसांत एका लेखकाने असा पोलीस रंगवला की जो वर्दीतच राहतो, ज्याला मारलं त्याच्या मुलाकडे पाठ फिरवत नाही आणि त्या मुलाचा राग समजून घेतो. कुणी म्हणेल, सत्तेला सोयीचं पात्र आहे हे. तसं वाटत नाही. सत्तेला सोयीचा पोलीस डाकूच्या पोराला डाकूच समजला असता. विशाल त्या पोराला नागरिक समजतो. कथेचं सगळं बळ या एका निर्णयात आहे.

डाकूंचा प्रश्न तेव्हा ताजा होता. एप्रिल १९७२ मध्ये चंबळ खोऱ्यातल्या जौरा इथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती, आणि त्या छायाचित्रांनी सारा देश थक्क झाला होता. बहादूर त्या वातावरणातून आला. चांद्याच्या वाचकाला चंबळ दूर होतं. पण बहादूर निघाल्यावर चारच वर्षांनी, १९८० मध्ये, आंध्रातून पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेचे पहिले दलम, म्हणजे सशस्त्र तुकड्या, नद्या ओलांडून सिरोंच्याच्या बाजूने आत आले. बंदूक घेतलेली माणसं जंगलात, पोलीस ठाण्यात, आणि गाव मधोमध, ही चित्रकथेतली परिस्थिती आता दाराशी आली होती. फरक एवढाच की डाकू लुटायला येई आणि हे लोक न्याय देतो म्हणत आले होते. तेंदूपानाच्या मजुरीचे, वनखात्याच्या जाचाचे प्रश्न खरे होते, म्हणून त्यांना ऐकणारेही मिळाले. भैरवसिंगाच्या कथेत असा गुंता नाही.

आणि मग १९९०. इंद्रजाल त्या वर्षी बंद पडलं. त्याच वर्षी गडचिरोलीत पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी सी-६० हे विशेष दल उभं केलं. सुरुवातीला साठ जवान, म्हणून हे नाव. बहुतेक जवान स्थानिक, गोंडी-माडिया जाणणारे, जंगलातल्या वाटा लहानपणापासून तुडवलेले. योगायोग आहे, त्यात ओढूनताणून अर्थ शोधायचं कारण नाही. पण जंगल पेट्रोलच्या गोष्टींवर वाढलेल्या पिढीसमोर खरं जंगल पेट्रोल आलं ते कॉमिक्सचा शेवटचा अंक निघाला त्या वर्षी, हे विसरता येत नाही. या दलातल्या मुलाचा काका दलममध्ये, वर्गमित्र दुसऱ्या बाजूला, असं इथे घडलं आहे. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. महाराष्ट्र दिन होता. चित्रकथेत स्फोटाच्या पुढच्या चौकटीत नायक धूळ झटकून उठतो, हे वाचलेल्या माणसाला ती बातमी वाचवत नव्हती.

वर्दीतल्या माणसाइतकाच, किंबहुना जास्तच, एकटा पडला तो पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा. त्या कायद्याने गावोगाव नेमलेला हा माणूस ना पूर्ण पोलीस, ना नुसता गावकरी. त्याच्याकडे बंदूक नाही, गणवेश नाही, तुटपुंजं मानधन आहे. गावात काय घडलं ते ठाण्याला कळवणं हे त्याचं काम, आणि त्याच कामाला जंगलातले बंदूकधारी खबरेगिरी म्हणत. गडचिरोलीत कित्येक पोलीस पाटलांना घरातून ओढून नेऊन मारलं गेलं. कित्येकांनी भीतीने पद सोडलं. दुसऱ्या बाजूने, रात्री आलेल्या दलमला भाकरी दिली म्हणून संशयाखाली आलेले गावकरीही आहेत. नायकाचा पोलिसातला साथी ही कल्पना कॉमिक्समध्ये सुरक्षित असते, कारण शेवट ठरलेला असतो. पोलीस पाटलाचा शेवट कुणी ठरवून ठेवला नव्हता.

बहादूरच्या नागरिक सुरक्षा दलाचा प्रश्न तर शेजारच्याच जिल्ह्यात खऱ्या परीक्षेला बसला. इंद्रावती ओलांडली की छत्तीसगडचा बिजापूर. तिथे २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झालं. गावकऱ्यांनी नक्षलवाद्यांविरुद्ध उठाव केला असं सांगितलं गेलं, पुढे आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून बंदुका दिल्या गेल्या. गावं ओस पडली, माणसं छावण्यांत गेली, कित्येक जण नद्या ओलांडून आंध्रात पळाले. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा नेमणुका घटनाबाह्य ठरवल्या. अर्धवट शिकलेल्या, पुरतं प्रशिक्षण न मिळालेल्या मुलांच्या हाती शस्त्र देऊन त्यांना लढाईत लोटणं हा त्यांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. हा निकाल माहीत असलेला वाचक बहादूरचं दल पुन्हा वाचतो तेव्हा तो विशालकडे वळून पाहतो. विशाल प्रत्येक वेळी तिथे असतो का? दलाने पकडलेला माणूस ठाण्यात पोचतो का? आणि हे आठवतं की बहुतेक कथांत पोचतो. सुरतींनी नायकाला न्यायाधीश होऊ दिलं नाही. कॉमिक्सच्या मर्यादेत हे फार जबाबदारीने केलेलं काम आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. ज्या जिल्ह्यात चाळीस वर्षांहून जास्त काळ ही लढाई चालली तिथे एक मोठा टप्पा गाठला गेला. आत्मसमर्पण केलेल्या माणसांच्या मुलांचं आता काय, त्यांना शाळेत काय नावाने हाक मारली जाईल, हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत इथल्या मास्तरांना आणि पोलिसांना रोज भेटणार आहे. डाकूचा मुलगा आणि पोलीस अधिकारी यांची गोष्ट इथे जुनी झालेली नाही.

म्हणून बहादूरला फक्त गतकाळाच्या हुरहुरीने वाचणाऱ्यांशी या प्रस्तावनेचं थोडं भांडण आहे. पहिल्या आवृत्तीचा कोरा अंक, कोपरा न दुमडलेलं मुखपृष्ठ, जुनी किंमत याची आवड असणं चांगलंच. संग्राहक नसते तर हे अंक केव्हाच रद्दीत गेले असते. नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवर तासन् तास उकिडवे बसून जुने गठ्ठे उपसणाऱ्यांचे उपकार मानायला हवेत. पण अंक मिळाल्यावर तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवण्यात काय अर्थ? तो वाचायला हवा, मुलाला वाचून दाखवायला हवा, त्यावर वाद घालायला हवा. वेताळाच्या बांदारांविषयी माडिया तरुणाला काय वाटतं हे विचारायला हवं. निवृत्त पोलीस पाटलाला विशालची गोष्ट सांगून त्याचं मत ऐकायला हवं. असं वाचन झालं तर या कथांचं वय वाढेल.

मराठी इंद्रजालची अवस्था सर्वांत वाईट आहे. इंग्रजी आणि हिंदी अंक जपणारे बरेच, मराठी अंक त्या मानाने फार दुर्मीळ. सार्वजनिक वाचनालयांनी त्या काळी कॉमिक्सला पुस्तकच मानलं नाही. कादंबऱ्यांना पुठ्ठा बांधला, मासिकांचे खंड केले, पण हे अंक मुलांनी वाचून फाटले की टाकून दिले. त्यामुळे कोणत्या कथेचं मराठी शीर्षक काय होतं, भाषांतर कुणी केलं, याची साधी नोंदही एका जागी सापडत नाही. मराठी बालवाचनाच्या इतिहासातलं हे मोठं रिकामं पान आहे, आणि ते भरायचं काम विद्यापीठांपेक्षा घराघरांतल्या माळ्यांवरच जास्त अवलंबून आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, वडसा, अहेरी इथल्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. माळ्यावरची ट्रंक या दिवाळीत साफ कराल तेव्हा मराठी इंद्रजालचा एकही अंक रद्दीवाल्याला देऊ नका. मुखपृष्ठ फाटलं असलं तरी चालेल, शेवटचं पान नसलं तरी चालेल. अंकाचा क्रमांक, महिना, किंमत आणि भाषांतरकाराचं नाव दिलं असेल तर तेवढं टिपून ठेवा, पानांची स्वच्छ छायाचित्रं काढा, आणि जमल्यास एक प्रत जिल्हा ग्रंथालयात द्या. गडचिरोली पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत 'एक गाव, एक वाचनालय' या उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालयं उघडली आहेत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी तिथे बहादूर आणि विशालसाठीही एक फळी ठेवायला हवी. १९७६ साली ज्या मुलांपर्यंत हे अंक पोचले नाहीत, त्यांची नातवंडं आता त्या वाचनालयांत बसतात.